काटकसर कोणाच्या पोटावर?



चित्रपट हे धनिकांचेच माध्यम आहे, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. तिला एक ठाम उत्तर १९६९ साली मिळाले. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ हा हिंदी चित्रपट फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजेच सार्वजनिक पैशाच्या, तुटपुंज्या कर्जावर उभा राहिला. बनफूल यांच्या कथेतील कडक शिस्तीचा रेल्वे अधिकारी आणि सौराष्ट्रातील एक निर्भय ग्रामकन्या, एवढ्या दोघांवरच त्याचा मुख्य भार होता. उत्पल दत्त व सुहासिनी मुळे यांनी तो समर्थपणे पेलला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या के. के. महाजन यांनी तेथील वाळू, पक्षी आणि ऊन कृष्णधवल रंगांत टिपले. भव्य सेट नव्हते, नामवंत तारेतारका नव्हत्या. तरीही राष्ट्रीय पुरस्कार याच चित्रपटास मिळाला. मोजकी पात्रे हे येथे दारिद्र्याचे लक्षण नव्हते, तर कथेची गरज ओळखून केलेली निवड होती.

मात्र अल्पखर्चाचा गौरव करताना एक प्रश्न टाळता येणार नाही. ही काटकसर नेमकी कोणाच्या पोटावर होते? पात्रे कमी करणे, सूर्यप्रकाशात चित्रण करणे, एकाच गावात काम आटोपणे ही खरी काटकसर होय. परंतु दिवे उचलणाऱ्या कामगाराची मजुरी ‘कलेसाठी’ थकविणे ही काटकसर नव्हे, ते शोषणच होय. सिनेकामगारांशी लेखी करार करण्याचे बंधन १९८१ च्या कायद्याने घातले, ते अकारण नव्हे. मालक गरीब आहे म्हणून मजुरी बुडविण्याचा हक्क गिरणीमालकास नाही. तो दिग्दर्शकास तरी कसा असेल?

पैसा उभारण्याचे अन्य मार्गही आहेत. १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. केरळात जॉन अब्राहम व त्यांच्या मित्रांच्या ओडेसा या गटाने गावोगाव चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवून लोकवर्गणी जमविली, आणि तीतून १९८६ साली ‘अम्म अरियान’ साकारला. तो पुन्हा त्याच लोकांपुढे नेण्यात आला. चित्रपट तयार झाला तरी त्यास चित्रगृह मिळत नाही, या जुन्या दुखण्यावरचा उपाय येथे दिसतो: जो प्रेक्षक वर्गणी देतो, तो चित्रपटाची वाटही पाहतो.

आज कॅमेरा स्वस्त झाला आहे, पण श्रमाचे मोल आणि प्रेक्षकापर्यंतची वाट हे दोन्ही प्रश्न कायम आहेत. म्हणून कार्यकर्त्यांनी तरुण चित्रपटकारांसाठी आपल्या शाखांची सभागृहे उघडावीत, वर्गणीच्या पावत्या फाडाव्यात आणि एकच अट घालावी: अंदाजपत्रकाची पहिली ओळ मजुरीची असेल.