सेरामपूरचा छापखाना आणि परक्यांच्या कथा



लोकांत रूढ असलेली कला, ग्रंथ, गाणी आणि करमणूक यांच्याशी ख्रिस्ती प्रकाशनाने कसे नाते ठेवावे, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची सूचना आहे. मी ख्रिस्ती नाही आणि प्रकाशकही नाही. अनुवाद हा माझा व्यवसाय. तेव्हा नाते कसे असावे हे मी जाणकारांवर सोपविते आणि एका ठिकाणी ते कसे होते, एवढेच सांगते. ते ठिकाण म्हणजे बंगालमधील हुगळीकाठचे सेरामपूर. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर ते नव्हे. परंतु मराठी गद्याशी त्याचा संबंध आहे आणि तो पुढे येईलच.

विल्यम केरी हा मूळचा चांभारकाम करणारा इंग्रज धर्मोपदेशक 1793 साली बंगालमध्ये उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून 1800 साली त्याने डेन्मार्कच्या ताब्यातील सेरामपूरचा आश्रय घेतला. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे त्याचे सहकारी. वॉर्ड पेशाने मुद्रक. त्याच वर्षी छापखाना सुरू झाला आणि 1801 मध्ये बंगाली नवा करार बाहेर पडला. अक्षरांचे ठसे पाडण्याची विद्या मात्र साहेबांची नव्हती. हालेडच्या 1778च्या बंगाली व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्सबरोबर काम केलेला पंचानन कर्मकार हा लोहारकुळातला कारागीर तेथे आला, आणि त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर याने ते काम चालविले. पुढे अनेक भारतीय भाषांतून जो शुभवर्तमानाचा प्रसार झाला, त्याची अक्षरे या घराण्याच्या हातोडीखालून निघाली आहेत.

या छापखान्याने आपल्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच काय छापावे? काशीरामदासांचे बंगाली महाभारत आणि कृत्तिवासाचे रामायण! ज्या देवतांवरील श्रद्धा उठावी म्हणून ही मंडळी सुमारे पाच महिन्यांचा सागरप्रवास करून आली, त्याच देवतांच्या कथा प्रथम शिशाच्या अक्षरांत त्यांनीच बसविल्या. यामागे उदारपणा होता असे मी म्हणणार नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी 1801 पासून भाषा शिकवीत होता. तेथील तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना वाचायला पुस्तके हवी होती, आणि छापखान्याला पैसा हवा होता. तरीही व्यवहाराने सगळा उलगडा होत नाही. महाभारताविषयी केरीने एका पत्रात लिहिले आहे, त्याचा आशय असा की, इलियडप्रमाणे ही केवळ मानवी प्रतिभेची निर्मिती मानली जात असती, तर जगातील श्रेष्ठ कृतींत आपण तिची गणना केली असती. दुःख एवढेच की कोट्यवधी माणसांच्या श्रद्धेचा ती आधार आहे.

हा विचार मी अनेकदा मनात घोळविला आहे. त्यातील प्रामाणिकपणा मला आवडतो, आणि त्यातील अडचणही तेवढीच खरी वाटते. ग्रंथ सुंदर आहे हे कळते आहे. तो कोणाच्या तरी जिवाशी बांधलेला आहे म्हणून तो सुंदर म्हणायची चोरी. केरी आणि मार्शमन यांनी 1806 ते 1810 या काळात वाल्मीकिरामायणाच्या इंग्रजी भाषांतराचे तीन खंड काढले. त्याच छापखान्यातून 1811 साली वॉर्डचा हिंदूंचे धर्म आणि आचार यांवरील ग्रंथही निघाला, आणि त्यात त्याने या धर्माची बाजू फार कठोरपणे मांडली. एकाच छतखाली, बहुधा त्याच जुळाऱ्यांच्या हातून, दोन्ही कामे चालली होती. त्या जुळाऱ्यांनी संध्याकाळी घरी जाऊन काय सांगितले असेल, हे कोणी नोंदवून ठेवले नाही.

11 मार्च 1812 रोजी छापखान्याला आग लागली. कागद, ठसे, अनेक भाषांच्या कोशाचे हस्तलिखित आणि रामायणाचे पुढील भाषांतर जळून गेले. मूळ पंच आणि मातृका वाचल्या, वितळलेल्या शिशातून नवे ठसे पाडण्यात आले आणि काम पुन्हा सुरू झाले. रामायणाचे भाषांतर मात्र पुढे सरकले नाही.

मला स्वतःला याहूनही मोलाचे वाटते ते केरीच्या नावावरील 1801चे ‘कथोपकथन’ हे संवादांचे पुस्तक. त्यात कोळी आहेत, मजूर आहेत, सावकार-कुळे आहेत, आणि बायकांची चांगली कडाक्याची भांडणे आहेत. हे संवाद केरीने एकट्याने लिहिले नसावेत, कोणातरी देशी पंडितांचा त्यात हात असावा, असे अभ्यासक मानतात. मलाही ते पटते. नळावरचे भांडण परक्याच्या कानाला एवढे नेमके ऐकू येत नाही. पण ते छापण्याजोगे आहे, हे धर्मोपदेशकाला वाटले. कारण देवाचे वचन सांगायचे तर आधी बाजारातली भाषा यायला हवी.

आता मराठीचा संबंध. 1805 साली केरीचे मराठी व्याकरण सेरामपुरास छापले गेले, 1810 मध्ये मोडी ठशांतला कोश निघाला. त्याचा मराठी पंडित वैजनाथ शर्मा याने ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि प्रतापादित्य राजाचे चरित्र मराठीत आणले. यांतले शेवटचे पुस्तक मुळात रामराम बसूंचे बंगाली. म्हणजे 1816 साली, पेशवाई अजून उभी असताना, एक मराठी माणूस हुगळीकाठी बसून बंगालीतून मराठीत भाषांतर करीत होता, आणि त्याचा धनी बाप्टिस्ट होता. आम्हा व्यावसायिक अनुवादकांचा हा पूर्वज. त्याच्याविषयी आपल्याला फार थोडे माहीत आहे.

येथे एक स्वतःची हकीकत सांगू द्या. काही वर्षांपूर्वी एका धार्मिक प्रकाशनासाठी मी एका ख्रिस्ती साधुपुरुषाचे चरित्र अनुवादिले. ते दरवर्षी पायी एका तीर्थस्थानी जात. मी ‘वारी’ हा शब्द घातला. संपादकांनी तो खोडला. म्हणाले, हा विठोबाचा शब्द आहे, आमच्या वाचकांना चालणार नाही. त्याजागी त्यांनी ‘यात्रा’ लिहिले, जणू काही यात्रा हा शब्द कोणाच्याच देवाचा नव्हता! मी वाद घातला नाही, कारण मोबदला अद्याप यायचा होता. पण पुस्तक छापून आल्यावर त्या ओळीशी मी आजही अडखळते. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताविषयीच्या रचनांसाठी अभंग आणि ओवी जवळ केली. त्यांच्याही आधी, 1616 साली, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच छापले गेले. त्यांनी असा सोवळेपणा पाळला असता तर मराठी ख्रिस्ती माणसाला गायला काय उरले असते?

सेरामपुराकडे परत जाऊन थांबते. त्या छापखान्यात गंगाकिशोर भट्टाचार्य नावाचा एक माणूस जुळारी होता. तो विद्या शिकून बाहेर पडला आणि 1816 साली कलकत्त्यात त्याने भारतचंद्राचे ‘अन्नदामंगल’ छापले. त्यात चित्रे होती. सचित्र बंगाली पुस्तकांत ते पहिले मानले जाते. त्यातला विद्या आणि सुंदर यांच्या गुप्त प्रणयाचा भाग तर मिशनरी मंडळींना मुळीच मानवणारा नव्हता. पुढे कलकत्त्याच्या बटतला भागात पंचांगे, पुराणे, प्रहसने आणि लाकडी ठशांची चित्रे यांचा स्वस्त बाजार भरला, आणि घरोघर पुस्तक गेले ते बरेचसे त्या बाजारातून. गंगाकिशोरने जुळणीची पेटी आणि हात कोठे तयार केले होते, हे गिऱ्हाइकांनी कधी विचारले नाही.