तीन इंच खाली

या मालिकेत वक्त्याने सध्या मनात काय चाललं आहे ते सांगायचं असतं. मी कवितेवर बोलेन अशी अपेक्षा असणार. पण श्रोतेहो, गेले तीन महिने माझ्या डोक्यात एका जुन्या मोटारीच्या स्प्रिंगा आहेत. तेव्हा आज स्प्रिंगांबद्दल.

आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. अब्बांनी घेतलेली. ते गेले, गाडी राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुदत संपून रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. आमची अजून चालते. दर गुरुवारी अम्मीला व्यायामोपचाराला नेते आणि आणते. चालवतो माझा भाचा. तो नोकरीला लागला, पहिल्या वर्षाच्या पगारातले पैसे बाजूला काढले आणि एक दिवस म्हणाला, "मामू, गाडी तीन इंच खाली बसवायची."

मोटार खाली का बसवतात, हे मला ठाऊक नव्हतं. मडगार्डची कड आणि टायर यांच्यामध्ये जी रिकामी जागा दिसते, ती तरुण डोळ्यांना खुपते म्हणे. ती भरली की गाडी रस्त्याला चिकटून बसल्यासारखी दिसते. दिसते, हे मलाही मान्य आहे. अम्मीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बसेन रे मी खाली. पण मला उठवणार कोण?"

हा शौक काही आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी तो वाढवला. गाडी खाली बसवायची आणि रस्त्यातून मुद्दाम सावकाश चालवायची. १९५० नंतरच्या त्या दशकाच्या अखेरीस तिथे कायदा आला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. मग १९५९ मध्ये रॉन अगिर्रे नावाच्या माणसाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली! फ्रान्समध्ये तर त्याआधीच, १९५५ साली, सित्रोएन कंपनीने डीएस ही गाडी आणली होती. तिच्यात स्टीलच्या स्प्रिंगांऐवजी तेल आणि वायू होता, आणि आतली एक दांडी सरकवली की गाडी वर-खाली होई. मला हे वाचून फार बरं वाटलं. पण आमच्या पद्मिनीत तशी दांडी नाही. पुढे गोल स्प्रिंगा आणि मागे पाटे, एवढाच तिचा संसार.

भाच्याला एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, की पुढच्या स्प्रिंगांचे दोन वेढे गॅसने कापतो आणि मागचा एकेक पाटा काढतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. स्वस्तात काम. इथे मी पाय रोवून उभा राहिलो आणि आमच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे त्याला घेऊन गेलो. सत्तरीचे गृहस्थ, बोलणं तोडून. त्यांनी जे सांगितलं, ते थोडं विस्ताराने सांगतो, कारण जुनी गाडी खाली बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या ते कामाचं आहे.

स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, विझवून मुरवलेलं असतं. गॅसची ज्योत लागली की तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. तिथून ती बसते किंवा तुटते. कापायचीच झाली तर थंड कापावी लागते, आणि तीही टोक ज्या बैठकीत बसतं तिथे नीट बसत असेल तरच. शिवाय वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते. आठ वेढ्यांतले दोन गेले, तर कडकपणा एक तृतीयांशाने वाढतो. भाचा म्हणाला, "मग चांगलंच आहे की, कडकच हवी." मिस्त्री म्हणाले, "कडक हवी, पण किती?"

खरा प्रश्न तोच होता. चाक खड्ड्यातून वर उसळतं, तेव्हा त्याला वर जायला काही जागा हवी. ती संपली की रबरी ठोकळ्यावर आपटतं आणि धक्का थेट गाडीच्या अंगात जातो. समजा, ती जागा सहा सेंटिमीटर आहे आणि गाडी तीन सेंटिमीटर खाली घेतली. जागा निम्मी झाली. आता तोच धक्का निम्म्या जागेत पचवायचा, तर स्प्रिंग दुप्पट कडक करून भागत नाही, चौपट लागते. मी बी.ए. झालेला माणूस, पण हा हिशोब मला पटकन कळला. ओळीतल्या मात्रा निम्म्या केल्या, तर उरलेल्या शब्दांवर किती भार पडतो, ते आम्ही रोज बघतो.

आणि स्प्रिंग कडक केली, की जुना शॉकअप तिला आवरू शकत नाही. स्प्रिंग ढकलते, शॉकअप तिला थोपवतो. ती जोडी जुळलेली असावी लागते. म्हणून लोअरिंग स्प्रिंगा विकत घेताना त्यांच्या जोडीचे शॉकअप घ्यावे, निदान कमी उंचीच्या गाडीला चालतील असे. जर्मनीच्या आयबाख, बिलस्टीन अशा कंपन्या या कामात नावाजलेल्या आहेत. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हरही मिळतात. पण हा तयार माल चालू, खपाच्या गाड्यांसाठी असतो. पद्मिनीसाठी स्प्रिंग बनवूनच घ्यावी लागते, आणि बनवणाऱ्याला तारेची जाडी, वेढ्यांची संख्या, मोकळी उंची आणि पुढच्या चाकांवर पडणारं वजन सांगावं लागतं. "दोन इंच कमी" एवढं सांगून चालत नाही.

मागच्या पाट्यांचं प्रकरण आणखी निराळं. एक पाटा काढला की गाडी खाली येते, हे खरं. पण ती अशक्त होऊन खाली येते. मागे तीन माणसं बसली की संपलं. त्यापेक्षा पाट्याची कमान भट्टीत घालून थोडी उतरवून घेतात आणि पोलाद पुन्हा मुरवतात. दुसरा मार्ग पाटा आणि आस यांच्यामध्ये ठोकळा घालण्याचा. इथे एक गंमत आहे. पाटा आसाच्या खालून जात असेल, तर ठोकळ्याने गाडी खाली येते. वरून जात असेल, तर उलट उंच होते! म्हणून विकत घ्यायच्या आधी गाडीखाली वाकून बघावं.

खाली बसवल्याने गाडी वळणावर कमी झुकते, असं सांगतात. खोटं नाही. पण हिशोब करून बघा. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर धरला आणि गाडी अडीच सेंटिमीटर खाली घेतली, तर बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार ५ टक्क्यांनी कमी होतो. चांगले टायर आणि नवे बुश याहून जास्त देतात. उलट पुढची चाकं वरून आत झुकतात, टायरची आतली कड आधी झिजते, आणि ती उभ्याने दिसत नाही.

मग आम्ही टेप घेऊन बसलो. सायलेन्सरच्या पाइपाखाली जमीन १४ सेंटिमीटर. चार माणसं बसवली की ११. तीन इंच म्हणजे साडेसात सेंटिमीटर वजा केले की उरतात साडेतीन. आता इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.३४ मीटर अंतर. दोन्ही चाकं त्या गोलाईवर असताना मधला फुगवटा पोटाशी ४ सेंटिमीटर वर येतो. म्हणजे नियमाने बांधलेल्या गतिरोधकावरही गाडी घासणार. आणि आपल्या गल्लीतले गतिरोधक नियमाने कोण बांधतं? भाचा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामू, एक इंच?"

एक इंचात साडेआठ सेंटिमीटर उरतात. त्यावर वाद घालायला मला जागा नव्हती. पण दोन गोष्टी आड आल्या. पहिली अशी, की मिस्त्रींनी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजलं, तर मागची डावी बाजू आधीच पाऊण इंच खाली होती. पाटा थकला होता. गाडी वाकडी उभी असताना तिला खाली बसवणं म्हणजे वाकडेपणा पक्का करणं. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आमच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. आरटीओच्या निरीक्षकासमोर ती उभी राहणारच. नोंदणी गेली, तर अब्बांची गाडी अंगणातलं लोखंड होईल. जर्मनीत स्प्रिंगा बदलल्या, तर गाडी तपासून बदलाची नोंद करून घेतात आणि प्रश्न मिटतो. मला ती पद्धत शहाणपणाची वाटते. बंदीपेक्षा तपासणी बरी.

तूर्त भाच्याच्या पैशांतून मागचे पाटे मूळ मापाला बांधून घेतले आहेत, चारही शॉकअप आणि सगळे बुश नवे टाकले आहेत. गाडी सरळ उभी आहे. नवे पाटे थोडे बसतात, म्हणून पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा टेप लावायची आणि अलाइनमेंट तपासायची, असं मिस्त्रींनी बजावलं आहे. चारशे झाले आहेत.

एका इंचाचा हट्ट मात्र त्याने सोडलेला नाही. परवानगी मिळते का, हे विचारणारा अर्ज आरटीओला द्यायचा ठरला आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. तीन वेळा खोडून लिहिला. गेल्या सोमवारी भाचा तो देऊन पोच घेऊन आला.