काष्टा, माप आणि पहाटेचा दीड तास



आत्ता कोळीनृत्य झालं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझं लक्ष काष्ट्यांकडे होतं. मुलींनो, तुमच्यापैकी सहा जणींच्या नऊवाऱ्या माझ्या बेसमेंटमध्ये शिवलेल्या आहेत. त्या रंगमंचावर नाचताना बघून मला काय वाटलं, ते नीट सांगता येणार नाही.

तुमच्या शाळेच्या बाई फोनवर म्हणाल्या, "मोठ्या वर्गातली मुलं ऑनलाइन काहीबाही विकतात. ब्रेसलेट, स्टिकर, मेंदीचे कोन. महिनाभर जोरात चालतं, मग थंडावतं. उत्साह टिकवायचा कसा, ते सांगा." मी चार दिवस विचार केला. मग लक्षात आलं, की उत्साहाच्या भरवशावर मी कधी कामाला बसलेच नाही.

मी २०११ साली मिशिगनमधल्या ट्रॉयला आले ती एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. नोकरी नाही, धंदा नाही, कशाचीच परवानगी नाही. मैत्रिणींच्या मुलींना गणपतीसाठी परकर-पोलकी हौसेनं शिवून द्यायची, तेवढंच. पुढे नियम बदलला. ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलाय, अशांना २६ मे २०१५ पासून कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येऊ लागला. माझा परवाना हातात आला त्या दिवशी मी शिवणयंत्राला तेल घातलं. पहिली गिऱ्हाइकं कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधली. मी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांनी मला.

आणि पहिल्याच हंगामात चुकले. एका आईनं मुलीचं वय कळवलं, मी वयावरून नऊवारी शिवली. मुलगी उंच होती. काष्टा पोटऱ्यांवर आला. गणपतीच्या दिवशी ती फ्रॉक घालून आरतीला उभी राहिली. त्या आईचं पत्र मी अजून जपून ठेवलंय. तेव्हापासून मी वय विचारत नाही. कंबर, कंबर ते घोटा, बैठकीचा घेर, छाती आणि बाहीची लांबी, अशी पाच मापं मागते. आणि एक प्रश्न जास्तीचा: कपडे कुठल्या दिवशी घालायचेत? हे सगळं एका वहीत जातं. प्रत्येक मुलीची एक ओळ.

या वहीतल्या प्रत्येकीच्या आईला स्वतः लिहिण्याचं वळण मला याच गावानं लावलं. बिग बीव्हर रोडवरच्या आपल्या लायब्ररीत तुम्ही सगळे जाता. १९७१ साली ती नवीन इमारतीत उघडत होती, तेव्हा मार्गरिट हार्ट नावाच्या बाई तिथे मुलांच्या विभागाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांनी देशोदेशीच्या नामवंतांना पत्रं लिहिली, की ट्रॉयच्या मुलांना लायब्ररीविषयी दोन शब्द लिहून पाठवा. उत्तरं आली ९७. नील आर्मस्ट्राँगचं आलं, आयझॅक असिमोव्हचं आलं, डॉ. स्यूसचं आलं. हाताशी जाहिरात नाही, कसली यंत्रणा नाही. नेमक्या माणसाला, नेमक्या मुलांसाठी केलेली मागणी, एवढंच. ही गोष्ट मला कळली तेव्हा माझ्या दुकानाची जाहिरात कशी करावी या काळजीत मी होते. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक आईला कापड कापण्याआधी स्वतः चार ओळी लिहू लागले.

आता वेळेचं सांगते, कारण मुलं सगळ्यात जास्त तिथे फसतात. पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरचे दुकानदार दुपारी शटर ओढून जेवायला घरी जायचे. त्यात मोठं शहाणपण होतं. ऑनलाइन दुकानाला शटर नसतं. रात्री अकराला कुणी विचारतं, "निळ्या रंगात मिळेल का?" आणि आपण अंथरुणातून उत्तर देतो. दोन वर्षं मी तेच केलं आणि आजारी पडले. मग शटर मीच बसवलं. पहाटे पाच ते साडेसहा फक्त यंत्र, फोन वरच्या मजल्यावर. निरोपांना उत्तरं दुपारी एकदाच. पार्सलं मंगळवारी आणि शुक्रवारी. बसावंसं वाटो न वाटो, पाचला खाली उतरायचं. पहिली दहा मिनिटं जड जातात. पहिली शिवण सरळ आली, की हात आपोआप चालतो.

जानेवारी ते मार्च बाहेर बर्फ आणि दुकानात शुकशुकाट. या दिवसांत मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढणारा हा माणूस पुढे लोखंडी नांगराकडे वळला. लोखंडानं जमीन विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. नांगर सुरुवातीला खपेचनात, पण लक्ष्मणराव मागे हटले नाहीत. आमचे मंदीचे तीन महिने त्यापुढे काय? त्या काळात मी साचे कापते, टॅक्सचे कागद लावते आणि वही चाळते. "कंबर ते घोटा सव्वीस इंच, पाडव्याला घालणार" असं वाचलं, की ती मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते आणि मी पाचला उठते.

२०२५च्या ऑगस्टमध्ये मात्र वहीचीही परीक्षा झाली. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलवर जकात नसे, ती सवलत २९ तारखेला संपणार होती. त्याआधीच भारतातून टपालानं येणारी बहुतेक पार्सलं थांबली. गणेश चतुर्थी होती २७ला. गुळेदगुड्डचा खण तिकडे अडकला आणि माझ्याकडे २३ ऑर्डरी होत्या. मी रडले, खोटं कशाला सांगू. मग वही उघडली आणि २३ आयांना एकेक करून लिहिलं: हातात एवढंच कापड आहे, हा रंग आहे, चालेल का? नको असेल तर पैसे आजच परत. चार जणींनी पैसे मागितले. एकोणीस जणींनी हिरवं सुती कापड घेतलं. त्यातल्या तिघींच्या मुली आज इथे नाचल्या.

आणि हो, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी होतीस ती, तुझा काष्टा मागून सुटतोय. चूक माझी आहे, हूक एक इंच वर हवा होता. कार्यक्रम संपला की मला भेट. सुई-दोरा पर्समध्येच आहे.