सावलींतील इवली होस्टा

होस्टा ही वनस्पति मूळची जपान, कोरिया व चीन ह्या देशांतली. तिच्या ठेंगण्या जातींपैकीं ‘पँडोराज बॉक्स’ ही १९९६ सालीं अमेरिकेंत नोंदली गेली. उंची अवघी चार इंच. पान मध्यें पांढरें, कांठाला हिरवें.

हें पांढरेपण तिचें सौंदर्य, आणि तेंच तिचें दुबळेपण. पांढऱ्या भागांत हरितद्रव्य जवळजवळ नसतें. अन्न तयार करण्याचें काम हिरव्या कांठावर पडतें. म्हणून दाट सावलीपेक्षां सकाळचें कोंवळें ऊन हिला मानवतें. दुपारच्या उन्हानें मात्र पान करपतें. माती ओलसर, पण पाणी न साचणारी असावी. थोर होस्टांच्या पंक्तींत ती झांकून जाते; तिला स्वतंत्र कुंडीच बरी. गोगलगाईंपासूनहि तिला जपावें.

कधीं एखादा फुटवा निव्वळ हिरवा निघतो. त्याचा जोम पाहून माळी सुखावतो. परंतु तो वेळींच मुळासकट काढला नाहीं, तर पांढऱ्या भावंडांना मागें सारून सारें रोप हिरवें करून टाकतो.

हिवाळ्यांत पानें सुकून ती जमिनीखालीं निजते. ही थंडीची झोंप अत्यावश्यक असल्यानें मुंबईच्या हवेंत ती टिकत नाहीं. थंड देशीं वसलेल्या मराठी कुटुंबांनीं मात्र अंगणांतील सावलीचा एक कोपरा तिला अवश्य द्यावा.