फळ उतरवल्यावर अननसाचे काय करावे?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची मला सवय नाही. पण परवा शेजारच्या वहिनींनी फळ काढलेला अननस उपटून उकिरड्यावर टाकलेला पाहिला आणि राहवले नाही. वहिनी, रागावू नका. हीच चूक मी तुमच्याआधी केली आहे.

माझ्या आईने माहेराहून पाठवलेले एकच पिल्लू मी परसात पोफळीच्या आडोशाला लावले होते. त्याला फळ आले त्याच वर्षी आई गेली. फळ उतरवल्यावर पाने पिवळी पडू लागली. मला वाटले, संपले झाड. कोयतीने उकरून काढले. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "अगो, लेकुरवाळी आहे ती! पोटाशी बघ." पाहते तो पानांच्या बेचक्यात दोन पिल्ले! एक माझ्याच हाताने मोडले होते. दुसरे जगले, आणि आज परसात आहेत ते सारे अननस त्याचे.

केळीप्रमाणे अननसाच्या एका खोडाला एकदाच फळ येते. पण त्याच बुडख्यावर पुढचे पीक वाढते. म्हणून दांडा कापावा, वाळकी पाने काढावी आणि जोमदार असे एक, फार तर दोन पिल्ले ठेवावी. बाकीची वीतभर झाली की काढून दुसरीकडे लावावी. माया करून सगळीच ठेवली तर फळे चिमुकली येतात. खोडव्याचे फळ मुळात पहिल्यापेक्षा लहानच. पिल्लू खोडावर उंच फुटते, फळाच्या भाराने कलंडते. तेव्हा बुडाशी शेणखत-मातीची भर घालावी. पाणी मात्र तुंबू देऊ नये, मुळे कुजतात.

शेंडाही लागतो. तो पिळून काढावा, खालची थोडी पाने सोलावी आणि आठवडाभर सावलीत सुकवून मग लावावा. ओला लावलात तर कुजतो. माझे तीन असेच गेले. पण शेंड्याला फळ यायला दोन वर्षे तरी लागतात, चांगल्या पिल्लाला दीडएक वर्ष. माझ्या धाकट्या जाऊबाई तरीही शेंडाच लावतात. फुकट मिळतो ना!

दाराशी टोपलीत अकरा पिल्ले ठेवली आहेत. हवे तिने जाताना न्यावे. हाताला फडके गुंडाळा, पाने काटेरी आहेत. वहिनींसाठी दोन बाजूला काढली आहेत.