दोन किल्ल्यांचा कॉम्प्युटर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भजन, रांगोळी आणि मुलांचे नाच यांच्यामध्ये समितीने मला 'घरचा कॉम्प्युटर आणि स्पायवेअर' असा रुक्ष विषय दिला आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही. पण सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे कुलूप-किल्लीवर थोडंफार बोलू शकतो. आणि माझ्या मते हा विषय कुलूप-किल्लीचाच आहे.

स्पायवेअर म्हणजे हेरगिरी करणारा प्रोग्राम. तो कॉम्प्युटर बिघडवायला येत नाही. मशीन नीट चालावं अशीच त्याची इच्छा असते. आपण कोणती बटणं दाबतो ते तो टिपतो, पडद्याचे फोटो काढतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो आणि इंटरनेटवरून आपल्या धन्याकडे पाठवतो. मशीन मंदावतं, नको त्या जाहिराती उघडतात, अशी लक्षणं कधी दिसतात. पण मुरलेला हेर काहीच दाखवत नाही. तेव्हा "आमचा कॉम्प्युटर छान चालतो" याचा अर्थ तो निरोगी आहे असा होत नाही.

तो आत येतो कसा? बहुतेक वेळा दार फोडून नाही. आपणच 'येस' म्हणतो. फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर, कुणी दिलेली 'क्रॅक' केलेली कॉपी, वीजबिल थकल्याच्या मेलला जोडलेली फाइल, झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेन ड्राइव्ह. मराठी टाइप करायचं म्हणून कुठल्याही साइटवरून काहीबाही उतरवून घेणारे तर घरोघरी आहेत. विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड दिलेला आहे, बाहेर शोधायची गरजच नाही.

आता कुणी म्हणेल, मी फुकटचं काही घेत नाही, मला काय भीती? त्यासाठी आपल्या उरणच्या शेजारचंच उदाहरण देतो. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा प्रोग्राम जगभर पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडले. त्याच समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं टर्मिनल. तिथलं कामकाजही ठप्प झालं. तो हेर नव्हता, नासधूस करणारा होता. पण त्याच्या वाटा समजून घेण्यासारख्या आहेत. युक्रेनमध्ये हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला. आत आल्यावर त्या मशीनच्या मेमरीत असलेले पासवर्ड उचलून तो पुढच्या मशीनवर जायचा. साहेबाचा पासवर्ड हाती लागला की सगळं नेटवर्क त्याचं. दुसरी वाट विंडोजमधल्या एका भोकाची होती आणि त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. म्हणून अपडेट चालू ठेवावेत. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी लक्षात घ्यावं.

मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर दहा दिवसांत पुन्हा उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कची किल्ली म्हणावी अशी एक प्रत फक्त घाना देशातल्या कार्यालयात शाबूत राहिली, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती! आपल्याकडे वीज जाते तेव्हा आपण काय बोलतो ते इथे सांगत नाही. पण धडा घ्या. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत कॉम्प्युटरला न जोडलेल्या डिस्कवर, कपाटात असलीच पाहिजे.

आता मूळ मुद्दा. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र आपण दोन्ही किल्ल्या कमरेला लावूनच बसतो. विंडोज घेताना पहिलं खातं बनतं ते 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चं, आणि आपण त्यातच मेल वाचतो, नातवंडं त्यातच गेम खेळतात. मग जो प्रोग्राम शिरेल तोही साहेबाच्या खुर्चीत बसतो.

उपाय फुकट आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन दुसरं खातं उघडा, त्याचा प्रकार 'स्टँडर्ड युजर' ठेवा आणि रोजचं काम त्यातच करा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. पुढे काही बसवायचं म्हटलं की पडद्यावर चौकट येऊन तो पासवर्ड मागेल. तिथे थांबायचं आणि "अहो, हे बसवू का?" असं मोठ्याने विचारायचं. निम्म्या वेळा विचारतानाच आपल्याला उत्तर कळतं.

एवढ्याने सगळं भागत नाही. साध्या खात्यात शिरलेला हेरही त्या खात्यातले पासवर्ड चोरू शकतो. म्हणून बँकेचा पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवायला सांगू नये. ओटीपी ही बँकेने दिलेली दुसरी किल्ली. पण हल्ली फोनवरचे मेसेज कॉम्प्युटरवर दिसण्याची सोय असते. ती चालू केली म्हणजे दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्या! ती बंद ठेवा. अँटीव्हायरस विंडोजमध्ये आहेच, तो बंद करू नका. "केवायसी अपडेट करतो, हे अ‍ॅप घ्या" म्हणणाऱ्याला आपला पडदा दाखवू नका. असली दूरनियंत्रणाची अ‍ॅप खरी असतात, त्यामुळे अँटीव्हायरस त्यांना अडवेलच असं नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने याबद्दल बँकांना सावध केलं होतं.

आणि तरीही काही घडलंच तर? इंटरनेट तोडा. दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला. कार्डामागच्या नंबरवर बँकेला कळवा आणि १९३० ला फोन करा. इथे मला सर्वांत महत्त्वाचं सांगायचं आहे. आपल्या वयाची माणसं पैसे गेल्यापेक्षा "आता मुलं काय म्हणतील" याला जास्त घाबरतात आणि गप्प बसतात. जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने ठरवलं की, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा गैरव्यवहारात, सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. ग्राहकाने स्वतः पासवर्ड दिला असला, तरी कळवल्यानंतरच्या नुकसानीचा भार बँकेचा. म्हणजे गप्प बसण्याचा प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो. फसवणाऱ्याने लाजावं, आपण नाही.

शेवटी संस्थेबद्दल. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर आपल्या सर्वांचे आधार, पॅन, वारसनोंदी आणि देखभाल खर्चाचे हिशेब आहेत, आणि खातं एकच आहे. तिथेही दोन खाती करावीत आणि दर शनिवारी डिस्कवर प्रत घेऊन ती कपाटात ठेवावी, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. यात कुणावर अविश्वास नाही. बँकेत मी दुसरी किल्ली सांभाळली ती कॅशियर चोर होता म्हणून नव्हे. उद्या काही कमी भरलं तर प्रामाणिक माणसाकडे एकट्याकडे बोट दाखवलं जाऊ नये, म्हणून. आपल्या व्यवस्थापकांनाही ते संरक्षण मिळायला हवं.

ज्यांना दुसरं खातं उघडून हवं असेल त्यांनी रविवारी सकाळी कार्यालयात यावं, मी बसलेला असेन. अट एकच. पासवर्ड तुम्ही टाकायचा. तेवढा वेळ मी खिडकीबाहेर पाहीन.