विज्डम, विद्या आणि आपला शहाणा

‘विज्डम’ हा इंग्रजी शब्द वाटतो तितका परका नाही. त्यातला ‘वाइज’ ज्या प्राचीन धातूतून आला, त्याच धातूतून संस्कृत ‘विद्’ आला. वेद आणि विद्या हे शब्दही त्याच कुळातले. त्या धातूचा मूळ अर्थ पाहणं. ज्यानं पाहिलं, त्याला कळलं. शेवटचं ‘डम’ नुसती अवस्था दाखवतं. आपला ‘शहाणा’ मात्र ‘सज्ञान’ या शब्दातून, प्राकृतात झिजत आला. त्यातल्या ‘ज्ञा’चा इंग्रजी भाऊ म्हणजे ‘नो’, जाणणं.

पण शहाणपण सांगावं कोणत्या भाषेत? याचं उत्तर आपल्या हिवरखेड गावाच्याच मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरच्या महानुभाव पंथीयांनी दिलं. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. त्याच पंथाचे केशिराजबास संस्कृतात लिहू पाहत होते, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं. संस्कृतामुळे माझ्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील, ही त्यांची कळकळ ‘स्मृतिस्थळ’ या महानुभाव ग्रंथात नोंदली आहे. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. हिवरखेडच्या पोरापोरींनी तिथं जरूर शिकायला जावं.